कंट्रोलचा गहू, सेलेनियम आणि शेगाव तालुक्यातली केसगळती

शेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला देवस्थान आठवते. पण याच तालुक्यातली बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा वैजनाथ ही गावे जानेवारी २०२५ मध्ये देशभर गाजली ती वेगळ्याच कारणाने. पहिल्या दिवशी डोके खाजायचे, दुसऱ्या दिवशी केस राठ व्हायचे, आणि तिसऱ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात यायचा. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाला. त्यात बायाही होत्या, पुरुषही होते, शाळा-कॉलेजात जाणारी मुले-मुलीही होती. अनेकांना डोकेदुखी, ताप, अंगाला मुंग्या, उलट्या-जुलाब असेही झाले होते. पण केस गळण्यापुढे या तक्रारींकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

टीव्हीवाल्यांनी चार दिवस 'टकलांचे गाव' म्हणून मजा केली आणि निघून गेले. आम्हाला हा विषय मजेचा वाटत नाही. तो आपल्या ताटातल्या पोळीचा विषय आहे. या पानाच्या वाचकांपैकी किती घरांत महिन्याचा गहू कंट्रोलच्या दुकानातून येतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून त्या वेळी काय घडले, कशामुळे घडले असे मानले जाते आणि उद्या आपल्या गावात काही विचित्र दिसले तर काय करायचे, हे आम्ही येथे जरा सविस्तर मांडत आहोत.

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणे स्वाभाविकही होते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. येथे विहीर-बोअरचे पाणी इतके खारट की ते पिता येत नाही आणि त्यात डाळही शिजत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी या भागात जुन्या आहेत. त्यामुळे आरोग्य विभागाने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले यात नवल नव्हते. नायट्रेटची आपल्या देशातली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाला फार घातक. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडते. परंतु नायट्रेटने तीन दिवसांत टक्कल पडत नाही. आणि खारे पाणी या गावांत आजोबा-पणजोबांपासून आहे. मग केस नेमके त्याच डिसेंबरात का गळावेत?

दुसरा संशय होता बुरशीचा. डोक्याला बुरशी लागते, त्याला आपल्याकडे गजकर्ण म्हणतात. पण गजकर्णाचे चट्टे गोल असतात, त्यावर कोंडा सुटतो, केस मध्येच तुटतात, आणि पसरायला आठवडे लागतात. चाई लागते तेव्हाही गुळगुळीत गोल ठिपके पडतात, पण चाई अशी अठरा गावांना एकदम लागत नाही. टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेल्यावर, बाळंतपणानंतर केस गळतात हे आपल्या सगळ्या आयाबायांना माहीत आहे. तेही दोन-तीन महिन्यांनी गळतात, आणि विरळ होतात, पूर्ण जात नाहीत.

मुळातून केस झटक्यात सुटणे ही वेगळी गोष्ट आहे. कर्करोगाची औषधे घेणाऱ्या माणसाचे केस असे जातात. म्हणजे केस तयार करणारी मुळाची पेशीच काम करीनाशी होते. असे शेकडो निरोगी माणसांना एकाच वेळी झाले, तर डॉक्टरच्या डोक्यात पहिला शब्द येतो तो विष. थॅलियम नावाचा धातू, जो पूर्वी उंदराच्या औषधात वापरत, त्याने दोन-तीन आठवड्यांत केस जातात आणि पायांच्या नसा असह्य दुखतात. आर्सेनिकनेही केस-नखांवर परिणाम होतो. आणि तिसरे नाव आहे सेलेनियमचे.

केंद्राची पथके आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे नमुने गोळा केले. पण ज्या माणसाने हा प्रश्न धान्याच्या पोत्यापर्यंत नेला ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावरच्या उपचारासाठी ते जगभर ओळखले जातात. कोकणात विंचू चावून पोरे मरायची, ते प्रमाण त्यांच्या कामामुळे फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाडचे नाव आपल्याला चवदार तळ्यामुळे तोंडपाठ आहे. तिथला एक डॉक्टर स्वतःहून शेगाव तालुक्यातल्या गावांत येऊन लोकांशी बोलतो, ही आम्हाला कौतुकाची बाब वाटते.

त्यांनी केलेले काम साधे होते आणि म्हणून शिकण्यासारखे. आजारी पडलेल्या सगळ्यांमध्ये समान काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. गावे वेगळी, विहिरी वेगळ्या, जाती वेगळ्या, वये वेगळी. समान होता तो रेशन दुकानातून आलेला गहू. तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. त्यांनी रुग्णांच्या घरातला गहू ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. इथल्या शेतात पिकलेल्या गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ६०० पट होते. रुग्णांच्या रक्तातले सेलेनियम ३५ पट, लघवीतले ६० पट आणि केसांतले १५० पट वाढलेले आढळले. शिवाय जस्ताचे, म्हणजे झिंकचे, प्रमाण बरेच घटलेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले.

आता सेलेनियम म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दाला घाबरूनही चालणार नाही आणि हसूनही.

हे मूलद्रव्य १८१७ साली स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने शोधले आणि ग्रीक भाषेतल्या चंद्राच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. ते मातीत असते, मातीतून झाडात जाते, झाडातून आपल्या पोटात. आपल्या शरीराला ते लागते, पण अगदी चिमूटभरसुद्धा नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरते; एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. थायरॉईडचे काम, पेशींचे गंजण्यापासून रक्षण, यासाठी ते हवे. ते अजिबातच न मिळाल्याने चीनच्या केशान भागात बायका-मुलांची हृदये निकामी होत असत, हे विसाव्या शतकात लक्षात आले. म्हणजे हे मुळात विष नव्हे. पण औषध आणि विष यांच्यामधले अंतर ज्या थोड्या पदार्थांत फार कमी आहे, त्यांतला हा एक. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की धोका सुरू होतो. चार ते आठ वर्षांच्या मुलाला ही मर्यादा १५० मायक्रोग्रॅम आहे.

आता हिशेब करून पाहा. वहीवर करता येईल इतका सोपा आहे. किलोला १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅम गव्हात १४.५२ मायक्रोग्रॅम. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस दोन वेळच्या पोळ्यांत सहज ३०० ग्रॅम पीठ खातो. म्हणजे ४,३५६ मायक्रोग्रॅम. सुरक्षित कमाल मर्यादेच्या जवळपास अकरा पट. कुणी म्हणेल, रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, त्यात तांदूळही असतो, मग एवढा गहू खाल्ला कसा? बरे, दिवसाला फक्त १०० ग्रॅम धरा. तरीही १,४५२ मायक्रोग्रॅम होतात, साडेतीन पटींहून जास्त. आणि घरात आठ वर्षांचे पोर तेवढीच एक-दोन पोळ्या खात असेल, तर त्याच्या मर्यादेच्या किती पट झाले ते आईनेच काढावे.

हे प्रमाण कागदी नाही, याची जगात साक्ष आहे. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान काही खेड्यांत लोकांचे केस आणि नखे गळून पडली. सर्वाधिक बाधित गावांत निम्म्याच्या आसपास लोक आजारी होते. भात दुष्काळाने गेला होता, म्हणून लोक डोंगरउतारावरचा मका आणि भाज्या जास्त खाऊ लागले होते. त्या जमिनीत सेलेनियम असलेल्या दगडी कोळशाचा अंश झिरपला होता. संशोधकांनी नंतर मोजले, तेव्हा त्या आजारी लोकांच्या पोटात रोज सरासरी सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होते असे आढळले. आपल्या वहीवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवा. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या: एन्शीतही आपत्ती आली ती नेहमीचे धान्य सुटून एकाच जागच्या धान्यावर पोट भरायची वेळ आल्यावर.

जनावरांना हे माणसांच्या आधी कळले होते. अमेरिकेच्या डाकोटा भागात १८५६ साली लष्करी छावणीतल्या डॉक्टरने घोड्यांच्या आयाळी-शेपट्या झडल्याचे आणि खूर सुटल्याचे लिहून ठेवले. कारण समजायला पुढची पाऊणशे वर्षे गेली. १९३०च्या दशकात तिथल्या गवतात आणि धान्यात सेलेनियम सापडले. आपल्या देशात पंजाबच्या नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत अशी जमीन आहे. शिवालिक डोंगरातून पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ तिथे साचला आणि त्यात सेलेनियम आले. तिथे १९८०च्या दशकापासून लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने अभ्यास केला आहे. त्या शेतांतला चारा खाणाऱ्या म्हशींची शिंगे आणि खूर झडतात, शेपटाचे केस जातात. काही माणसांतही केस-नखांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. तिथला गहू हे सेलेनियम दाण्यात साठवून घेतो. अशी जमीन पंजाबच्या एका कोपऱ्यातच आहे, सगळ्या पंजाबात नाही, हे आवर्जून सांगतो. नाहीतर उद्या कुणी पंजाबी शेतकऱ्यालाच शिव्या देत सुटेल. त्याने विष टाकलेले नाही. त्याच्या शेतात जे आहे ते गव्हात आले.

गव्हाकडे बोट दाखवणे सगळ्यांना पटले असेही नाही. एक शंका रास्त आहे: रेशनचा गहू देशभर जातो, मग अठराच गावांत हे का व्हावे? याचे उत्तर धान्य कसे फिरते त्यात शोधावे लागते. मंडईत खरेदी झालेला गहू पोत्यांत भरतो, रेल्वेच्या रेकने दूरच्या गोदामात येतो, तिथून तालुक्याला, तालुक्यातून दुकानांना. एका भागातली पोती एकत्र राहिली तर ती एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात उतरू शकतात. नीट मिसळली गेली असती तर विष पातळ झाले असते आणि कदाचित कुणाला कळलेही नसते. म्हणून आमची मागणी अशी की पोत्यावरचा लॉट आणि गोदामाची नोंद या दोन गोष्टी धरून शेवटपर्यंत शोध व्हावा, आणि जे निष्पन्न होईल ते या गावांच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे. ज्यांनी रक्त आणि केस दिले त्यांचा तो पहिला हक्क आहे.

केसच का, नखेच का?

केस आणि नखे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात. या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले असतात. केस जाळल्यावर जो वास येतो तो त्या गंधकाचाच. सेलेनियम हे गंधकाचे रासायनिक भावंड. दिसायला-वागायला इतके सारखे की शरीराला फरक कळत नाही. ते जास्त झाले की गंधकाच्या जागी जाऊन बसते. पण ते टाके कच्चे पडतात. जिथे वाढ सर्वात वेगाने चालू असते तिथे हे आधी उघड होते, म्हणून पहिला फटका केसांच्या मुळांना.

नखांची गोष्ट नंतर दिसते, आणि शेगावातही तसेच झाले. एप्रिल २०२५ मध्ये चार गावांतल्या तीसेक लोकांची नखे पांढरी पडून, ठिसूळ होऊन, काहींची गळूनही पडल्याचे आरोग्य विभागाच्या तपासणीत आढळले. लोक घाबरले की आता हा नवा रोग आला. नवा नव्हे. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. डिसेंबर-जानेवारीत नखाच्या मुळाशी जो बिघडलेला भाग तयार झाला, तो वर सरकत मधोमध यायला तीन-चार महिने लागणारच. पूर्ण नख नवीन यायला पाच-सहा महिने जातात. अमेरिकेत २००८ साली एका कंपनीच्या पातळ टॉनिकमध्ये चुकून ठरलेल्याच्या २०० पट सेलेनियम पडले होते. २०१ लोकांना बाधा झाली, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांचे केस गळले, जवळपास साठ टक्क्यांची नखे बिघडली, आणि तीन महिन्यांनंतरही निम्म्यांच्या नखांत दोष होता. तेव्हा नखांच्या तक्रारीला नवे विष शोधण्याआधी जुन्या विषाचे उशिरा दिसलेले लक्षण म्हणून पाहावे. अर्थात तेव्हाही तोच गहू घरात शिल्लक आहे का, हे विचारायचेच.

आणखी एक खूण आहे. सेलेनियम जास्त झालेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ शकतो, लसूण न खाताही. थकवा, मळमळ, जुलाब, सांधे दुखणे, चिडचिड, हातापायांना मुंग्या, हे सोबत असू शकते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की ते धान्य बंद झाल्यावर शरीर सेलेनियम हळूहळू लघवीवाटे बाहेर टाकते. केसांचे मूळ मरत नाही, ते फक्त थांबलेले असते. शेगाव तालुक्यातल्या बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. यावर वेगळा उतारा नाही, इंजेक्शन नाही, लेप नाही. विषाचा पुरवठा तोडणे हाच उपचार. म्हणून 'टक्कल घालवणारे' तेल, मंतरलेले पाणी, भस्म, जडीबुटी विकणारा कुणी आला तर त्याला गावाच्या वेशीवरूनच परत पाठवा. केस आपोआप उगवणार आणि श्रेय मात्र तो खिशात घालून जाणार. बाजारातल्या व्हिटॅमिनच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सेलेनियमच असते! डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते वाचा.

झिंक कमी असण्याचा मुद्दा आम्हाला कमी महत्त्वाचा वाटत नाही. झिंक कमी पडले तरी केस आणि त्वचा दुबळी होते. ते मिळते डाळी, हरभरा, भुईमूग, तीळ, अंडी आणि मटणातून. पोळी आणि पाण्यासारखी भाजी, यावरच ज्याचे दिवस निघतात त्याच्या शरीरात विषाला अडवायला काही उरत नाही. विदर्भात आपल्या आजीच्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि रानातली भाजी असे. ज्वारी शेजारच्या शेतातली, तूर त्याच शेतातली. पुढे कपाशी-सोयाबीन आले, ज्वारी गेली, आणि गहू कंट्रोलमधून येऊ लागला. रेशन नको असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भूमिहीन मजुराच्या घरी चूल पेटते ती रेशनमुळे, हे विसरून चालणार नाही. पण शक्य तिथे आठवड्यात काही दिवस ज्वारी-बाजरीची भाकर असावी. वेगवेगळ्या ठिकाणचे धान्य पोटात गेले तर एका पोत्यातल्या दोषाचा भार सगळ्या शरीरावर पडत नाही.

गहू धुऊन घेतला तर? हा प्रश्न हमखास येतो. त्या घरातला गहू धुऊन पुन्हा तपासला तेव्हा १४.५२ चे १३.६१ झाले, बस. फवारणीचे औषध दाण्याच्या अंगावर बसते, ते धुतल्याने बरेच जाते. सेलेनियम दाण्याच्या आत, प्रथिनात गुंफलेले असते. ते धुऊन जात नाही, चाळून जात नाही, भाजूनही जात नाही. आणि असा गहू दिसायला वेगळा नसतो. सोंडे लागलेला, कुबट वासाचा गहू आपली बाई सुपात घेतल्याबरोबर ओळखते. हा मात्र तिलाही ओळखता येणार नाही. तो फक्त प्रयोगशाळा ओळखते.

या प्रकरणात केसांपेक्षा जास्त गेले ते लोकांच्या वागण्याने. डॉ. बावस्कर यांनी सांगितले आहे की मुलींची लग्ने पुढे ढकलली गेली, मुलांचे कॉलेज सुटले, काहींनी लाजेपायी आधीच डोके भादरून घेतले. हा आजार स्पर्शाने होत नाही, एका कंगव्याने होत नाही, एका पाटावर बसल्याने होत नाही, एका पाण्याने आंघोळ केल्याने होत नाही. तरी लोक लांब सरकले. लांब सरकणाऱ्या माणसांचा अनुभव आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. निदान आपल्या वस्तीत तरी अशा कुणाला वेगळे काढले जाऊ नये. शाळेतल्या बाईंनी, गुरुजींनी वर्गात हे पाच मिनिटे समजावून सांगितले तर एखाद्या पोरीचे वर्ष वाचेल.

गावात असे काही दिसले तर

एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत केस गळणे, नखे बदलणे, एकदम उलट्या-जुलाब, अंगाला मुंग्या अशी तक्रार आली की आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. प्रत्येकाने वेगवेगळ्या खाजगी दवाखान्यात जाऊन वेगवेगळे मलम आणले तर कुणालाच चित्र दिसत नाही. सगळ्यांची एक यादी करा: नाव, वय, त्रास कधी सुरू झाला, पाणी कुठले, गहू कुठला, तांदूळ कुठला, तेल कुठले, कुणाच्या घरी जेवले, नवीन काय खाल्ले. ज्यांना त्रास झाला नाही अशा शेजारच्या दोन-चार घरांचीही तीच माहिती लिहा. कारण सापडते ते बहुधा या दोन याद्यांच्या फरकातून. बारावी झालेला कुठलाही मुलगा किंवा मुलगी हे काम एका संध्याकाळी करू शकते.

शिल्लक गहू फेकू नका, आणि खाऊही नका. अर्धा-एक किलो कोरड्या स्वच्छ डब्यात किंवा पिशवीत बांधून त्यावर तारीख, दुकान आणि महिना लिहा. पोत्यावरचा शिक्का-चिठ्ठी मिळाली तर तिचा फोटो काढा, दुकानातली पावती जपून ठेवा. गळालेले केस आणि कापलेली नखे कागदाच्या पाकिटात नावानिशी ठेवा. रक्तातले विष उतरून जाते, केसांत आणि नखांत त्याची नोंद महिनोन्‌महिने राहते.

तक्रार तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी करा आणि पोच घ्या. १९६७ हा रेशनच्या तक्रारीचा क्रमांक आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात दुकानपातळीवर दक्षता समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे ते कधी विचारून पाहिले आहे का? बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचे ठाऊक नसते. शिवाय २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. चार घरांनी मिळून ते शुल्क भरले तर जड जाणार नाही. पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात सेलेनियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नसावे असे भारतीय मानक आहे. ही तपासणी मागताना 'सेलेनियम' हा शब्द अर्जात स्पष्ट लिहा. नुसते 'पाणी तपासा' म्हटले की क्षार आणि जंतू पाहून अहवाल येतो.

संशयाचा गहू आटा-चक्कीवाल्याला किंवा व्यापाऱ्याला स्वस्तात देऊन मोकळे होण्याचा मोह टाळा. तो दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या ताटात जाईल. तो गहू कोंबड्यांना, बकऱ्यांना किंवा बैलांनाही घालू नका. सेलेनियम अंड्यात आणि दुधात उतरते, आणि कोंबडीच्या अंड्यातले पिलू व्यंग घेऊन वाढते किंवा उबतच नाही. पंचनामा होईपर्यंत तो बांधून बाजूला ठेवा, आणि पुरवठा निरीक्षक बदली गहू देतात तेव्हा तो कोणत्या गोदामातला आहे हे पावतीवर लिहून मागा.